विश्लेषण : सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, मग क्वाड बाइकचा कार्ब्युरेटर तसाच का? आवाज वाढूनही ताकद का घटते?

अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर आणि लोणावळा, पाचगणीच्या माळांवर चार जाड चाकांच्या क्वाड बाइक, म्हणजेच एटीव्ही, आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. हौशी मालकांबरोबरच भाड्याने फेऱ्या मारणारे व्यावसायिकही या गाड्यांचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून घेतात. ‘गाडीला आवाज आला, म्हणजे ताकद आली’ हा त्यामागचा समज. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. गाडी फटाके फोडू लागते, तापते आणि एखाद्या हंगामातच बोअर-पिस्टनचे काम निघते. या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा न बदललेल्या कार्ब्युरेटरमध्ये असते. असे का होते आणि जुळवणी कशी करायची, याचा हा आढावा.

नेमके काय बिघडते?

इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात लागते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण रेसवर जास्तीत जास्त ताकद मिळते ती मात्र १२.५ ते १३ किलो हवेला, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त असताना. कंपनी कार्ब्युरेटरचे जेट बसवते ते कंपनीचाच फिल्टर, त्याचा डबा आणि कंपनीचाच सायलेन्सर गृहीत धरून. यातला एक जरी भाग बदलला, तरी ते गणित बदलते.

‘हवा जास्त आली तर कार्ब्युरेटर पेट्रोलही जास्त ओढेल ना?’ हा प्रश्न रास्त आहे. काही प्रमाणात तसे होतेही. पण कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि गळ्यात त्यापेक्षा कमी दाब असतो. या फरकामुळेच पेट्रोल जेटमधून वर चढते. फिल्टरच्या डब्याचे झाकण आणि त्याची अरुंद नळी हवेला थोडी अडवतात. त्यामुळे गळ्यातला दाब आणखी उतरतो आणि पेट्रोल जास्त ओढले जाते. झाकण काढले की ही मदत संपते. हवा वाढते, पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढत नाही. फिल्टर धुळीने चोक झाला की गाडी जास्त पेट्रोल खाते, हा अनुभव अनेकांना असतो. हे त्याच नियमाचे उलटे टोक.

मोकळा सायलेन्सर जळालेला वायू लवकर बाहेर काढतो आणि सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त येऊ देतो. नुसता मागचा डबा बदलला तर फरक बेताचा असतो. पुढच्या पाइपासह सगळी यंत्रणा बदलली आणि फिल्टरचे झाकणही काढले, तर जेट न बदलता गाडी चालवणे म्हणजे इंजिनाला उपाशी पळवणे होय.

पेट्रोल कमी पडले तर इंजिनाला धोका काय?

पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणाला मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात, पेट्रोल जास्त असेल तर ‘रिच’. पूर्ण रेसवर जे जादा पेट्रोल जाते ते वाफ होताना उष्णता शोषते आणि पिस्टनचा माथा थंड ठेवते. मिश्रण लीन झाले की हे संरक्षण जाते. ठिणगीआधीच किंवा वेडेवाकडे ज्वलन होऊ लागते आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, प्लग यांच्यावर ताण येतो.

भाड्याच्या लहान एटीव्ही बहुधा हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या असतात. त्या वाळूत, कमी वेगात, दोन माणसे घेऊन रेसवर चालतात. इंजिनावरून वाहणारी हवा कमी आणि भार जास्त, म्हणजे तापण्याला आधीच निमंत्रण. त्यात लीन मिश्रणाची भर पडते. टू-स्ट्रोक गाड्यांत तर धोका दुहेरी. अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकली गेलेली यामाहाची ‘बॅन्शी’ ही टू-स्ट्रोक क्वाड अशा बदलांसाठी फार लोकप्रिय होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या अशा इंजिनात पेट्रोल कमी झाले की वंगणही कमी होते आणि पिस्टन जाम होतो.

लक्षणे ओळखता येतात. रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके फुटणे, रेस सोडूनही इंजिनाचा वेग लगेच खाली न येणे, एकसारख्या रेसवर गाडी मागेपुढे हिसके देणे, चोक ओढल्यावर गाडी उलट बरी चालणे, ही लीनची चिन्हे. काळा धूर, पेट्रोलचा वास, रेस देताच गुदमरणे, प्लग काळा पडणे ही रिचची. अनेक जण फटाक्यांनाच ‘ट्युनिंग’ समजून खूश होतात. खरे तर ती इंजिनाची तक्रार असते.

ई२० पेट्रोलने गणित कसे बदलले?

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते, एक किलोला सुमारे नऊ किलो. परिणामी ई२० साठी हवेचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो. त्याचे जेट म्हणजे पितळेतले एक ठरलेले भोक.

याचा अर्थ असा की, ज्या गाडीचे जेट शुद्ध पेट्रोलवर ठरले होते, ती ई२० वर काहीही न बदलता सुमारे सात टक्के लीन झालेली असते. त्यावर मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर चढवला की दोन्ही परिणामांची बेरीज होते. म्हणून परदेशातल्या व्हिडीओत सांगितलेला जेटचा अंक इथे डोळे झाकून चालत नाही. तिथले पेट्रोल वेगळे, हवा वेगळी, उंची वेगळी.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर रस्त्यावरच्या नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. क्वाड बाइकमध्येही यामाहाची ‘रॅप्टर ७००’ २००६ मध्येच इंजेक्शनवर आली. मात्र जुन्या क्वाड आणि लहान इंजिनाच्या अनेक गाड्या आजही कार्ब्युरेटरवरच धावतात. या यंत्राशी रोज हात काळे करणारी मेकॅनिकांची पिढी मात्र कमी होत चालली आहे.

कार्ब्युरेटरचा कोणता भाग कधी काम करतो?

‘कार्ब्युरेटर सेट करून द्या’ असे म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच स्क्रू असतो. प्रत्यक्षात जबाबदारी तीन भागांत वाटलेली असते. रेस बंद ते साधारण पाव उघडी, इथवर पायलट जेट आणि त्याच्या जोडीचा स्क्रू काम करतो. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, म्हणजे नीडल, पेट्रोल मोजते. पाऊण ते पूर्ण रेस हे मेन जेटचे राज्य. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण दोष शोधायला एवढी विभागणी पुरते.

म्हणूनच अंगठ्याच्या थ्रॉटलवर आणि त्याच्या घरावर चिकटपट्टीने बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करणे उपयोगाचे ठरते. गाडी कुठे अडखळते ते खुणेवरून कळते आणि कोणत्या भागाला हात घालायचा हेही. अर्ध्या रेसवर अडखळणाऱ्या गाडीचे मेन जेट बदलत बसणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि मलमपट्टी दुसरीकडे.

जुळवणीचा क्रम कसा असावा?

पहिली पायरी कार्ब्युरेटर न उघडण्याची. फिल्टर स्वच्छ आहे का, प्लग नवा आहे का, टॅपेट बरोबर आहेत का, हे आधी पाहावे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला तडा असेल, तर तिथून शिरणारी चोरटी हवा हुबेहूब लीनसारखी लक्षणे दाखवते. तो तडा तसाच ठेवून जेट मोठे करणाऱ्याला गाडी कधीच सापडत नाही.

यानंतर मेन जेट. कंपनीच्या जेटपेक्षा एक-दोन अंक मोठे जेट लावून, इंजिन पूर्ण गरम करून, मोकळ्या आणि निर्मनुष्य जागी पूर्ण रेसवर गाडी चालवावी. त्या वेळी चोक किंचित ओढला आणि गाडी सुधारली, तर अजून लीन आहे. आणखी गुदमरली, तर पेट्रोल पुरेसे किंवा जास्त आहे. सुरुवात नेहमी रिच बाजूने करून हळूहळू खाली यावे. रिचची चूक प्लग काळा करते, लीनची चूक पिस्टन खाते.

दुसरा क्रमांक पायलटचा. गरम इंजिन आयडलिंगवर ठेवून स्क्रू हळूहळू फिरवावा आणि वेग सर्वात जास्त व स्थिर होईल तिथे थांबून आयडलिंग पुन्हा खाली घ्यावे. इथे एक घोळ नेहमी होतो. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोलमिश्रणाचा असतो आणि बाहेर फिरवला की मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवेचा असतो आणि बाहेर फिरवला की लीन होते. एका गाडीची सवय दुसरीवर चालवली की परिणाम उलटा. पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त उघडूनही वेग वाढतच राहिला, तर पायलट जेट लहान पडत आहे, असे समजावे.

शेवटी नीडल. तिच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप असते. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. काही कार्ब्युरेटरमध्ये खाचा नसतात, तिथे सुईखाली बारीक वॉशर घालतात. एका वेळी एकच खाच, एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही.

जेटचा अंक नक्की काय सांगतो?

केइहिन पद्धतीच्या जेटवरचा अंक साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर, १२५ म्हणजे १.२५. फरक जेमतेम केसाएवढा. पण पेट्रोल वाहते ते भोकाच्या क्षेत्रफळातून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. १२० ऐवजी १२५ लावले, तर क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ई२० मुळे पडलेली तूट भरून काढायला असा एकच बदल जवळपास पुरेसा ठरू शकतो. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा अंक मात्र पेट्रोलच्या प्रवाहावर बेतलेला असतो. त्यामुळे एका कंपनीचा १२० दुसऱ्या कंपनीच्या १२० च्या जागी लावून हिशेब जुळत नाही.

‘जेटमध्ये तार फिरवून भोक मोठे करून देतो’ हा गल्लोगल्ली चालणारा उपाय इथेच फसतो. केसाएवढ्या फरकावर आठ टक्के पेट्रोल अवलंबून असेल, तर तारेने ओरबाडलेले भोक किती झाले हे कोण सांगणार? त्याच्या कडा खडबडीत होतात आणि परतीची वाटही राहत नाही. बोअर-पिस्टनच्या खर्चापुढे नव्या जेटची किंमत नगण्य आहे. तिथे कंजुषी करणे परवडत नाही.

प्लगचा रंग किती खरा?

परंपरागत पद्धत अशी : नवा प्लग लावून पूर्ण रेसवर थोडे अंतर जायचे, रेस न सोडता किल स्विचने इंजिन बंद करायचे, गाडी तशीच घरंगळू द्यायची आणि प्लग काढून पाहायचा. कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक, पांढराफटक लीन, काजळी धरलेला रिच. आयडलिंगवर फुरफुरत गॅरेजपर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग पूर्ण रेसबद्दल काहीच सांगत नाही. मात्र शिसेविरहित आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल प्लगवर रंग फिका धरते. त्यामुळे केवळ रंगावर न विसंबता चोकची चाचणी, गाडीचे वागणे आणि प्लग या तिन्हींची साक्ष जुळते का, ते पाहावे.

किनारा आणि घाट यांचा हिशेब वेगळा का?

समुद्रसपाटीला जुळवलेली गाडी पाचगणी-महाबळेश्वरला नेली की रिच होते. सुमारे १,३०० मीटर उंचीवर हवा साधारण १२ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल तेवढे कमी करत नाही. मिश्रण सुमारे सहा टक्क्यांनी रिच होते. घाटावर गाडी जड वाटते ती यामुळे. उलट प्रवास जास्त धोक्याचा. घाटावर जेट कमी करून ‘मस्त’ केलेली गाडी कोकणात उतरवली, तर ती लीन होते.

किनाऱ्यावर आणखी एक प्रश्न आहे, वाळूचा. फिल्टरच्या डब्याचे झाकण काढल्याने मिळणारी थोडीशी ताकद आणि त्या वाटेने येणारी वाळू व खारे पाणी यांचा हिशेब मांडला, तर सौदा तोट्याचाच निघतो. वाळूचे कण पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासतात. एकदा तशी झीज झाली की कोणतेही जेट ती भरून काढत नाही. किनाऱ्यावरच्या गाडीचे झाकण जागेवर ठेवावे, फोमचा फिल्टर नियमित धुऊन त्याला फिल्टर ऑइल लावावे, हा साधा उपाय महागड्या फिल्टरपेक्षा जास्त उपयोगी आहे. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. इथेनॉल ओलावा धरते आणि आतले बारीक मार्ग गंजाने व चिकट थराने बुजतात. मग हंगामाच्या पहिल्याच दिवशी बुजलेला जेट लीनचे कारण बनतो.

एवढ्याशा कामात जिवाला धोका कुठे?

धोका परत बसवण्यात आहे. नीडलची क्लिप बदलायला केबलच्या टोकाचा स्लाइड बाहेर काढावा लागतो. अनेक कार्ब्युरेटरमध्ये त्याला एक खाच असते, ती आतल्या खिळीवर बसली पाहिजे. स्लाइड उलटा किंवा तिरका बसला, केबल मुडपली किंवा हँडल वळवताना ताणली गेली, तर रेस उघडीच अडकू शकते. भाड्याच्या एटीव्हीवर बसणारा पर्यटक बहुधा आयुष्यात पहिल्यांदा ती चालवत असतो, कधी पुढे लहान मूल असते. रेस अडकलेली दोन-अडीचशे किलोंची गाडी गर्दीत शिरली, तर काय होईल याची कल्पना करायला नको.

म्हणून इंजिन सुरू करण्याआधी हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून, प्रत्येक वेळी थ्रॉटल दाबून सोडावा. तो ‘खट्’ आवाजासह स्वतःहून मिटलाच पाहिजे. किल स्विच चालतो का, हेही तेव्हाच पाहावे. थ्रॉटलच्या घरावर रेस मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो. ‘पिकअप’साठी तो काढून टाकण्याची प्रथा भाड्याच्या गाडीत सरळसरळ बेजबाबदार आहे.

कायदा काय सांगतो?

बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नसतातच. त्यांची जागा खासगी किंवा परवानगी असलेल्या मैदानावर. रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनांसाठी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० (२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्यातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची दृश्ये वाचकांनी पाहिलेली आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर क्वाड चालवायची, तर सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची आहे. अनेक हौशी मालक मोकळ्या सायलेन्सरच्या नादात हीच जाळी काढतात. उन्हाळ्यातल्या आपल्या वाळलेल्या गवताच्या माळांवरही तो धोका तेवढाच खरा आहे.

मग बदल करावा की नाही?

हौसेला कोणाची हरकत नसावी. यंत्र उघडून समजून घेण्यात आनंद आहे आणि नीट जुळवलेली गाडी खरोखर चांगली चालते. पण सायलेन्सर, फिल्टर आणि जेट ही एकच खरेदी आहे, तीन वेगळ्या खरेद्या नव्हेत. सायलेन्सर विकणाऱ्या दुकानदाराने जेटचा विषय काढलाच पाहिजे आणि ग्राहकाने तो विचारलाच पाहिजे. जेट बदलण्याची तयारी नसेल, तर सायलेन्सर बदलू नये.

भाड्याच्या गाड्यांबाबत उत्तर आणखी सोपे आहे. पर्यटकाला ताकदीतला एक-दोन अश्वशक्तीचा फरक कळतही नाही. त्याला हवी असते न अडखळणारी आणि सोडताच थांबणारी गाडी. किनाऱ्यावरच्या लोकांना हवी असते थोडी शांतता. या दोन्हींसाठी कंपनीचा सायलेन्सर, झाकण लावलेला फिल्टर आणि ई२० चा विचार करून जुळवलेले जेट पुरेसे आहे. आवाजाने गिऱ्हाईक एखादे जास्त येईलही, पण ऐन दिवाळीच्या गर्दीत जाम पिस्टन घेऊन उभी राहिलेली गाडी त्याहून कितीतरी गिऱ्हाइके घालवते.